कर्ता कोण? मिशनरी सेवेच्या वाङ्मयाची एक तपासणी

आजचा विषय ‘मिशनरी आणि विविध समाज’ असा जाहीर झालेला आहे. विषय फार पसरट आहे, त्यामुळे मी तो थोडा आखडून घेणार आहे. मिशनऱ्यांनी काय केलं, किती शाळा काढल्या, किती दवाखाने काढले, याची यादी मी देणार नाही. तशा याद्या पुष्कळ आहेत. आणि त्यांनी आपलं किती नुकसान केलं याची यादीही देणार नाही, त्याही पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते या दोन्ही याद्या ज्या भाषेत लिहिल्या जातात, त्या भाषेबद्दल.

मी तत्त्वज्ञान शिकवलं. वाक्य समोर आलं की त्यातला कर्ता कोण, कर्म कोण, हे आधी बघायचं, ही सवय त्यातून लागली. तेव्हा दोन वाक्यं घेऊ. मिशनच्या अहवालात साधारण असं वाक्य असतं: ‘या वर्षी अमुक गावांत सुवार्ता पोचवली, इतक्या जणांना बाप्तिस्मा दिला.’ आणि विरोधकांचं वाक्य असतं: ‘मिशनऱ्यांनी इतक्या जणांना बाटवलं.’ पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात संताप आहे. पण व्याकरण बघा. दोन्ही वाक्यांत कर्ता एकच, मिशनरी. आणि ज्याचा धर्म बदलला तो माणूस दोन्हीकडे नुसता घेणारा. एकीकडे त्याला काहीतरी दिलं जातं, दुसरीकडे त्याला काहीतरी केलं जातं.

‘बाटणे’ हा शब्दच बघा ना. पाणी बाटतं, भांडं बाटतं, सोवळं बाटतं. पाण्याला मत नसतं. ‘तो बाटला’ म्हणताना आपण त्या माणसाला पाण्याच्या रांगेत नेऊन बसवतो. ‘आत्मे जिंकले’ असं म्हणणारा मिशनरी त्याला लढाईत जिंकलेल्या मुलखाच्या रांगेत बसवतो. दोघांचं एकमेकांशी भांडण आहे, पण या माणसाला स्वतःचं डोकं असू शकतं हे गृहीत न धरण्यात दोघांचं एकमत आहे.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. मिशनरी सेवेचं मोल ठरवायचं असेल तर ज्याची सेवा झाली तो माणूस, तो समाज, पुढे स्वतःच्या वाक्याचा कर्ता झाला का, हे बघायचं. आणि कर्ता झाल्याची खूण एकच: सेवा करणाऱ्याला त्याला ‘नाही’ म्हणता आलं का? ‘होय’ म्हणणं सोपं असतं, ते भीतीनंही म्हणता येतं, भुकेनंही म्हणता येतं. ‘नाही’ म्हणायला मात्र माणूस उभा असावा लागतो.

या कसोटीवर मराठी मुलखातल्या चार-पाच गोष्टी आपण तपासू.

सुरुवात गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षं तिथेच, मुख्यतः साष्टीत राहून, १६१९ साली वारला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, पहिल्यात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताची. मराठीत एका परदेशी माणसानं इतकी मोठी रचना करावी, ओवी इतकी अंगवळणी पाडून घ्यावी, याचं आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत भरपूर कौतुक झालेलं आहे. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो, याचंही कौतुक होतं. ते कौतुक रास्तच आहे.

पण या कौतुकात एक गोष्ट बाजूला पडते. त्या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक गुरूला विचारतात की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर मग त्या जागी आम्हाला वाचायला दुसरं पुराण का देत नाही? म्हणजे मागणी श्रोत्यांची आहे. आणि ती कुठून आली? साष्टीतली देवळं १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून बसलेलं होतं. ज्या माणसांची पोथी गेली आहे ती माणसं पोथी मागताहेत. त्या प्रश्नात विनंती आहे आणि तक्रारही आहे. स्टीफन्सनं ती तक्रार आपल्या ग्रंथात राहू दिली, हा मला त्याचा मोठेपणा वाटतो. पण आपण समीक्षक काय करतो? ‘परकीय असून किती सुंदर मराठी’ एवढं म्हणून थांबतो. म्हणजे आपलंही लक्ष मिशनऱ्यावरच, विचारणाऱ्याकडे नाही.

पुढची हकीकत आणखी बोलकी आहे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या भाषेत पुराण रचलं ती भाषाच नको झाली. सतराव्या शतकात छापलेल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? लोकांनी हातानं नकलून घेतला आणि जपला म्हणून. गोवा सोडून दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूला गेलेल्या ख्रिस्ती लोकांमध्ये त्याची हस्तलिखितं टिकली. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्डान्हा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत तो छापला, आणि देवनागरी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडलं. रचणारा स्टीफन्स, पण राखणारे ते लोक. मिशनच्या इतिहासात हे वाक्य असं लिहिलेलं फार क्वचित आढळतं.

आता गोव्यातून मुंबईत येऊ, दोनशे वर्षं ओलांडून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, १८३१ पासून अहमदनगर हे त्याचं मोठं ठाणं झालं. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघालं. सिंथिया फरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची नगरची शाळा बघून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. स्वतः जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले.

आता मिशनच्या जमाखर्चाच्या वहीत जोतीराव कुठल्या बाजूला मांडायचे? ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी मिशनकडून शाळेची कल्पना घेतली, ख्रिस्ताबद्दल आदर ठेवला, त्याच वेळी थॉमस पेनही वाचला, आणि १८७३ साली स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. बाप्तिस्म्यांच्या रकान्यात शून्य. पण माझ्या कसोटीवर बघाल तर एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या कामाचं याहून मोठं फळ दाखवणं कठीण आहे. घ्यायचं ते घेतलं आणि ‘पुढचं मी बघतो’ म्हटलं.

दुसरं उदाहरण मुक्ता साळवे. मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या निबंधात ती विचारते की वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचाही अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता? आता लक्षात घ्या, हा प्रश्न मिशनऱ्याच्या नियतकालिकात आलेला आहे. मिशनऱ्याला याचं उत्तर तयार होतं. पण मुलीनं उत्तर मागितलेलं नाही. ती देवालाच विचारते आहे, आणि ज्यांनी हा प्रश्न तिच्यावर आणला त्यांना जाब विचारते आहे. छापखाना मिशनचा, वाक्य तिचं. या दोन गोष्टी एकत्र आल्या ही मिशनची खरी सेवा. मिशनचा हेतू काही का असेना.

इथे कोणी म्हणेल, सर, तुम्ही मिशनच्या अपयशालाच यश म्हणताय. (हशा) अगदी तसं नाही. जे ख्रिस्ती झाले त्यांच्याकडेही येतो. पण त्याआधी मिशनच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा कर्ता-कर्माचा प्रश्न मिशनऱ्यांतल्या विचारवंतांना सुचलाच नव्हता असं नाही.

अमेरिकन मिशनची मुख्य संस्था बोस्टनला होती. तिचे चिटणीस रूफस अँडरसन. ते आणि इंग्लंडातले हेन्री व्हेन या दोघांनी साधारण एकाच काळात एक तत्त्व मांडलं. स्थानिक मंडळी, म्हणजे चर्च, स्वतःचा कारभार स्वतः बघणारी, स्वतःचा खर्च स्वतः करणारी आणि स्वतःचा प्रसार स्वतः करणारी असावी. मिशनरी हा पुढे काढून घ्यायच्या परांचीसारखा, इमारत उभी राहिली की त्याची गरज संपली. कल्पना उत्तम. १८५४-५५ साली अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले, नगरलाही बैठक झाली. काय ठरलं? देशी पाळक नेमा, शिक्षण देशी भाषेतून द्या, इंग्रजी शाळांवरचा भर काढा.

ऐकायला किती छान वाटतं! मातृभाषेतून शिक्षण, स्थानिक नेतृत्व. पण हे ठरवलं कुणी? बोस्टनहून आलेल्या पाहुण्यांनी. आणि ज्यांच्यासाठी ठरवलं त्यांच्यातल्या पुष्कळांना इंग्रजी हवं होतं, कारण त्या काळी नोकरीची आणि मानाची वाट इंग्रजीतून जात होती. म्हणजे ‘तुम्ही स्वावलंबी व्हा’ हा हुकूमच होता. स्वावलंबन दुसऱ्यानं लादता येतं का? तर्कशास्त्रात याला काय म्हणायचं ते म्हणा, व्यवहारात याला मालकी म्हणतात. मालक म्हणतो, आजपासून तू स्वतंत्र, आणि स्वतंत्र माणसानं कसं वागायचं ते मी सांगतो.

पुढे १९१२ साली रोलंड ॲलन या इंग्रज मिशनऱ्यानं पौलाची पद्धत आणि आपली पद्धत यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पौल एखाद्या गावात थोडे दिवस राहायचा, मंडळी उभी करायचा आणि तिच्यावर विश्वास टाकून पुढे निघून जायचा. आपण मात्र पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसतो आणि म्हणतो, हे लोक अजून तयार झालेले नाहीत. मिशनऱ्यानं मिशनवर केलेली ही टीका मला बाहेरच्या कुठल्याही टीकेपेक्षा धारदार वाटते.

आता जे ख्रिस्ती झाले त्यांच्याकडे येऊ. पंडिता रमाबाई. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे त्या ‘बाटल्या’. तिकडे ‘एक विदुषी ब्राह्मण स्त्री प्रभूकडे आली’. आणि पुढची काही वर्षं त्यांचा आणि त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचाल तर दोन्ही वाक्यं गळून पडतात. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही, असं ही बाई लिहिते. अमुक बिशपांना वाटतं म्हणून मी अमुक शिकवू नये, हे मला मान्य नाही. गळ्यात क्रूस घालायचा तर त्यावरची अक्षरं लॅटिनच का? लॅटिन ही इंग्रजांची तरी मातृभाषा आहे का? आम्ही संस्कृतला कवटाळलं तर तो हट्ट, तुम्ही लॅटिनला कवटाळलं तर ती श्रद्धा? हे मी माझ्या शब्दांत सांगतो आहे, पण मुद्दा त्यांचा आहे. शाकाहारही सोडला नाही. सिस्टरना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला.

सिस्टर जेराल्डिन यांना हा सगळा अहंकार वाटला. गंमत अशी की त्यांनी ही पत्रं जपून ठेवली, आणि म्हणूनच १९७७ साली ती पुस्तकरूपानं आपल्या हातात आली. आपल्याला नकार देणारी पत्रं जपणारी माणसं थोडी असतात, त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

आणि आपल्या बाजूला काय झालं? शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत म्हणून १८९३ साली गहजब झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची अडचण मी समजू शकतो, मुलींच्या पालकांना शब्द दिलेला होता. पण त्या सगळ्या वादात ‘त्या विधवा मुलींना काय वाटतं’ हे विचारण्याचं कुणाच्या फारसं मनात आलं नाही. भांडण होतं ते मुलींवर हक्क कुणाचा याचं.

आता इथे एक पाऊल पुढे गेलं पाहिजे, नाहीतर मी रमाबाईंची आरती केली असं होईल. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका केडगावला घेऊन आल्या. मुक्तिसदन उभं राहिलं. त्यांचे जीव वाचले, त्या शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या, १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं. त्याची जुळणी-छपाई तिथल्या बायकांनी केली. जगात दुसरीकडे कुठे असं घडलं असेल तर मला आनंदच आहे. पण माझी कसोटी रमाबाईंनाही लागू आहे. उपाशी आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला त्या घरात ‘नाही’ म्हणता येत होतं का? वाँटेजमध्ये रमाबाईंनी सिस्टरना जसं विचारलं तसं केडगावात कुणी रमाबाईंना विचारलं का? अहवालांत आपल्याला आकडे भेटतात, प्रार्थना भेटतात. त्या मुलीचं वाक्य फार क्वचित भेटतं. रमाबाई जेव्हा सेवा घेणाऱ्या होत्या तेव्हा त्यांचा आवाज खणखणीत ऐकू येतो. त्या सेवा देणाऱ्या झाल्या आणि समोरचे आवाज पुन्हा बारीक झाले. हा एका व्यक्तीचा दोष नाही. सेवेच्या नात्याचाच हा गुण आहे. म्हणूनच त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

या उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं असेल. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग पुस्तकरूपानं निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. बायकोला न विचारता. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या तरी स्वतःचं सोवळं-ओवळं सांभाळून राहिल्या. नवरा ख्रिस्ती कवी, मिशनचा माणूस, आणि बायको आपला पाण्याचा हंडा वेगळा ठेवते आहे. मिशनच्या अहवालात हे कसं लिहायचं? लिहिता येत नाही.

आणि मग त्यांच्यात बदल होतो तो कसा? आधी जात जाते. जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला आहे, अशा निष्कर्षाला ही शाळेत न गेलेली बाई स्वतः विचार करून येते, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवते. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पंगत आधी बदलली, धर्म नंतर. आणि हे सगळं सांगताना त्या टिळकांना हसतात, मिशनऱ्यांना हसतात, स्वतःलाही हसतात. ज्याला ज्यानं बदलवलं त्याला हसता येतं तो माणूस नक्की कर्ता आहे, असं मी म्हणेन.

टिळकांनीही शेवटी तेच केलं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार फारसा वाढला नाही. पण बाप्तिस्म्याचा रकाना आपण मोजणार नाही, असं मिशनच्याच एका मोठ्या माणसानं म्हटलं, ही गोष्ट राहिली.

इथपर्यंत आल्यावर एक हरकत तुमच्या मनात आली असेल. नसेल आली तर यायला हवी. रमाबाई आणि टिळक दांपत्य हे सगळे जन्मानं ब्राह्मण. आपली समीक्षा त्यांच्याभोवतीच फिरते, कारण त्यांनी पुस्तकं लिहिली. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली मंडळी कुणाची बनलेली होती? मुख्यतः महार आणि मांग समाजातल्या लोकांची. हजारोंच्या संख्येनं आलेले हे लोक अहवालात आकडा होऊन राहिले, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात तर आकडाही होऊन राहिले नाहीत.

त्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंना एक सोपं उत्तर सापडलेलं असतं: भाकरीसाठी गेले. भाकरीसाठी गेले असतील तर त्यात लाज वाटायची ती कुणाला? पण ते राहू द्या. मला वेगळं म्हणायचं आहे. गावकुसाबाहेरच्या एका माणसानं एकट्यानं धर्म बदलणं जवळजवळ अशक्य होतं. सोयरीक तुटणार, बलुतं बुडणार. म्हणून निर्णय घराण्यानं, वस्तीनं मिळून घ्यायचा. शहरी सुशिक्षित माणसाला वाटतं की एकट्यानं चिंतन करून घेतलेला तोच खरा निर्णय, बाकी सगळी मेंढरं. हे चूक आहे. वस्तीत रात्रभर वाद घालून घेतलेला निर्णयही निर्णयच असतो. १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी एकत्र धम्म स्वीकारला, त्यांना आपण मेंढरं म्हणतो का?

आणि इथेच आजच्या ‘चर्च प्लँटिंग’चा, मराठीत मंडळी लावणं म्हणा, मंडळीरोपण म्हणा, त्याचा मुद्दा येतो. त्यामागचं एक प्रभावी शास्त्र आपल्याच देशात जन्मलं आहे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे अमेरिकन मिशनरी १८९७ साली मध्य प्रांतात दमोह इथे जन्मले आणि त्यांनी अनेक वर्षं इथेच काम केलं. १९५५ साली त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक आलं. लोक एकेकटे नव्हे तर समूहानं धर्माकडे येतात, हे त्यांनी इथल्या जाती बघून ओळखलं. इथपर्यंत मी त्यांच्याशी सहमत आहे. पण त्यांनी पुढचा सिद्धान्त असा मांडला की माणसांना वंशाची, भाषेची, वर्गाची भिंत न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडतं. तेव्हा ज्या त्या समाजासाठी ज्याची त्याची मंडळी लावा, म्हणजे वाढ लवकर होते. जगभर मंडळी लावणाऱ्यांनी हे सूत्र उचललं. कुठला समाज ‘पोचलेला’, कुठला ‘न पोचलेला’, याचे तक्ते आज तयार असतात.

याला ‘विविध समाजांची सेवा’ असं गोंडस नाव देता येतं. प्रत्येकाची भाषा, प्रत्येकाची गाणी, प्रत्येकाचा वेगळा मांडव. पण आपल्याकडे प्रत्येक जातीचा वेगळा मांडव या व्यवस्थेला आधीच एक नाव आहे, आणि ते नाव विविधता नाही. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना नेमकं हेच विचारलं होतं: धर्म बदलल्यावर चर्चमध्ये जात गेली का? पंगत एक झाली का? मंडळी किती लागल्या हे मोजून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. लक्ष्मीबाईंचा क्रम आठवा. त्यांनी भिंत आधी ओलांडली. मॅकगॅव्हरन यांचं सूत्र म्हणतं, भिंत तूर्त राहू दे. वाढीच्या दृष्टीनं ते बरोबर असेलही. पण ज्याला भिंतीचाच त्रास होता, त्याची ही सेवा कशी?

सरकारही या भाषेतून सुटलेलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. गावानं त्याची जात लक्षात ठेवली, चर्चनंही पुष्कळदा ठेवली, कायदा मात्र म्हणतो, तुझी जात गेली. त्याला कुणी विचारलं? आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा बघा. तो २०२१ साली रद्द होईपर्यंत धर्मांतराची खबर जिल्हा दंडाधिकाऱ्याला कुणी द्यायची होती? तर ज्यानं विधी करून धर्मांतर ‘घडवलं’ त्यानं. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली या कायद्याच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला पटतो. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क कुणालाच नसतो, कारण दुसऱ्याचं धर्मांतर करताच येत नाही. ते ज्याचं त्यानंच करायचं असतं. पण मग उरलेला प्रश्न विचारायला हवा होता: ज्यानं स्वतःचं केलं, त्याच्या हक्काचं काय? पुन्हा वाक्य मिशनऱ्यावर सुरू होतं आणि मिशनऱ्यावरच संपतं.

फसवणूक, दबाव, आमिष हे नसतंच असं मी म्हणत नाही. असतं, आणि ते वाईटच. पण ते ओळखायचं कसं? ज्याच्यावर दबाव आला त्याला विचारून. त्याला बाजूला सारून केलेली चौकशी म्हणजे आणखी एक दबाव.

तर वाचकांना, आणि ख्रिस्ती मंडळींत काम करणारे कुणी हे ऐकत असतील तर त्यांनाही, मी एवढंच सुचवीन. पुढच्या वेळी मिशनचा अहवाल हातात आला किंवा धर्मांतराची बातमी वाचलीत, तर त्यात एक वाक्य शोधा. ज्यात तो माणूस स्वतः कर्ता आहे असं वाक्य. ‘मी गेलो’, ‘मी नाही गेले’, ‘मी परत आलो’, ‘मला हे पटलं, ते नाही पटलं’. असं एकही वाक्य सापडलं नाही तर समजा, तो मजकूर त्या माणसाविषयी नाही. तो लिहिणाऱ्याविषयी आहे. आणि जुन्या कागदांत अशी वाक्यं शोधण्याचं काम खूप बाकी आहे. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आहेत, मंडळ्यांची दप्तरं आहेत, खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांत जुन्या वह्या आहेत. मुक्ता साळवेचा निबंध एक सापडला, तो एकच असेल असं मानायला काही कारण नाही. तरुण अभ्यासकांनी हे काम अंगावर घ्यावं. माझ्या वयाला आता धुळीचा त्रास होतो. (हशा)

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही सांगा. आजच्या विषयाला ते धरूनच होईल.